नावं ठेवायची ती कोपऱ्यावर

६ मार्च, शनिवार

सासूबाई सकाळच्या गाडीने धाकट्या दिरांकडे गेल्या. जाऊबाईंचा उजवा हात मोडलाय, प्लास्टर निघेपर्यंत तिथं कुणीतरी हवंच. निघताना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मधल्या फळीवरचे डबे रोजचे. वरचे कधीमधीचे. खालचे मला विचारल्याशिवाय उघडू नकोस." मी मान डोलावली. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी सरळ आत येऊन खालचे सगळे डबे उघडले.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. औषधांचं दुकान मी चालवते, नळ गळला तर माणूस मी बोलावते, नवऱ्याचे बूटसुद्धा मीच निवडते. पण स्वयंपाकघर कधी माझं नव्हतं. सासूबाई वाईट असत्या तर भांडून घेतलं असतं. त्या चांगल्या आहेत, तिथंच सगळं अडलं.

संध्याकाळी आम्ही चौघी मैत्रिणी नेहमीसारख्या 'जिन्याखाली' गेलो. पुलाच्या जिन्याखालची सहा टेबलांची जागा, खरं नाव आम्हाला कुणालाच आठवत नाही. दर शनिवारी आम्ही तिथं जेवतो. आज शटर बंद आणि वर कागद, 'फरशी आणि भटारखान्याचं काम, दोन महिने बंद'. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून शेजारच्या दिव्यादिव्यांच्या नव्या हॉटेलात शिरलो. बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत चाललो आणि निकाल लागला. वकीलबाई म्हणाली, गाणी मोठी आणि वाट्या छोट्या. दातवाली म्हणाली, मांस चावायला माझ्या दवाखान्यातली हत्यारं लागतील. मास्तरीण म्हणाली, सरबत बरं होतं. मी म्हटलं, खारट.

कोपरा हा आमचा नियम, आणि तो माझाच. पूर्वी एकदा दातवालीने एका खानावळीत भर टेबलावर जाहीर केलं, "हा मासा नव्हे, रबर आहे." मागं वळून बघतो तर तो मासा रांधणारी बाई हातात पाण्याचा जग घेऊन उभी. तिचा चेहरा मी विसरलेली नाही. तेव्हापासून ठरलं, ज्याच्या छपराखाली जेवलो तिथं त्याच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. पहिल्या कोपऱ्यावर पोचलो की मग जीभ मोकळी. कुणी आधीच तोंड उघडलं तर बाकीच्यांनी 'कोपरा!' म्हणायचं, की ती गप्प. माझा स्वतःचा निकाल बहुतेक 'खारट' असाच असतो. वकीलबाई म्हणते, हिचं जजमेंट आधीच टाइप करून ठेवलेलं असतं.

मग मीच म्हणून गेले, "'जिन्याखाली' उघडेपर्यंत शनिवारी माझ्याकडे या. मी रांधते." तिघींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी विमान चालवते म्हणाले.

७ मार्च, रविवार

दुकानातला छोटा काटा घरी आणला. चिमूटभर, मूठभर, अंदाजे, हे शब्द मला मान्य नाहीत. औषध कुणी अंदाजे देतं का? आणि चाखूनही बघायचं नाही. ढवळलेला चमचा तोंडात घालून परत भांड्यात, शी! माप बरोबर असेल तर चाखायची गरज काय?

मीठ अगदी नावापुरतं. दिवसभर रक्तदाबाच्या गोळ्या विकणाऱ्या बाईने लोकांना मीठ खाऊ घालायचं म्हणजे कुंपणानेच शेत खाण्यासारखं झालं. सासूबाईंचं जेवण मला कधी खारट लागलं नाही. त्याही हात राखूनच घालत असणार.

दुपारी मसुराचं सूप केलं. नवरा म्हणाला, "छान." एवढंच. लिफ्ट तपासणारा माणूस, मुळातच कमी बोलतो.

१३ मार्च, शनिवार

झालं! पहिलं जेवण पार पडलं! सूप, आल्यात वाफवलेला मासा, भात, दोन भाज्या, अंड्याचा रस्सा. तिघी इतक्या शांतपणे जेवल्या की मलाच भरून आलं. 'जिन्याखाली' आमच्या टेबलाचा आवाज रस्त्यावर जातो. इथं नुसता चमच्यांचा आवाज.

आणि किती मदतीच्या आहेत! एक जण पाणी आणायला उठली, मग दुसरी ग्लास आणायला, मग तिसरी दोघींना काय हवं ते बघायला. प्रत्येक जण स्वतःची ताटली घेऊनच आत जात होती. म्हटलं, अगं ताटल्या ठेवा ना इथं. मास्तरीण म्हणाली, "राहू दे, हातात असली की बरं वाटतं."

एकदा दातवाली म्हणायला लागली, "अगं, या माशात जरासं..." मी लगेच बोट वर केलं, "कोपरा!" सगळ्या हसल्या. नियम म्हणजे नियम, कौतुक असलं तरी.

त्या गेल्यावर अकराव्या मजल्याच्या खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावर, चावीवाल्याच्या दुकानापाशी तिघी थांबल्या आणि कितीतरी वेळ बोलत उभ्या राहिल्या. वकीलबाईचे हात तर कोर्टात चालतात तसे चालले होते. 'जिन्याखाली'चा निकाल दोन वाक्यांत लागतो. माझ्या जेवणाबद्दल त्यांना इतकं बोलावंसं वाटलं, याचा मला खरंच फार आनंद झाला.

१७ मार्च, बुधवार

दोन कोडी पडली आहेत.

एक, मिठाची बरणी. मी जेमतेम वापरते, तरी ती निम्मी झाली. हवा दमट आहे, मीठ पाणी धरतं हे खरं, पण ते नाहीसं कसं होईल? दुकानातल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, मुंग्या. मिठाला मुंग्या लागलेल्या मी तरी ऐकलेल्या नाहीत.

दुसरं, नवऱ्याची शतपावली. पूर्वी जेवून इमारतीला एक फेरी मारायचा. आता चांगला तासभर जातो. म्हटलं, माझ्या हातचं पौष्टिक खाऊन अंगात उत्साह आलाय. पण इतकं चालूनही पोट सुटतंय, आणि परत येतो तेव्हा शर्टाला लसणाचा वास येतो. पुलाखालच्या गाड्यांवरून जात असेल.

२० मार्च, शनिवार

आज मोठी बातमी. मास्तरणीच्या लेकीचं जमलं! मुलगा तिच्याच ऑफिसातला. चार तारखेला, रविवारी दुपारी, मुलाकडची माणसं मास्तरणीच्या घरी जेवायला येणार. मुलाच्या आईने मुद्दाम सांगितलंय की हॉटेलात नको, घरी जेवलं की घर कळतं. जेवणानंतर लग्नाची तारीख ठरवायची.

मास्तरीण हे सांगत होती, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि धास्तीच जास्त. तिचा नवरा गेला तेव्हा ही लेक पहिलीत होती. नातलगांनी तेव्हाच पाठ फिरवली. ती म्हणाली, "त्यांच्याकडून अकरा जण येणार. आमच्याकडून मी आणि ती. माझं स्वयंपाकघर दोघींचं, मला अकरा माणसांचं रांधायची सवय नाही. पहिल्याच भेटीत त्यांना वाटायला नको, की या घरात काही नाही."

मी क्षणभरही थांबले नाही. "मी असताना तुला काळजी कसली? सगळा स्वयंपाक मी करते!"

मास्तरणीच्या हातातला चमचा ताटलीत पडला. वकीलबाईला ठसका लागला. दातवाली म्हणाली, "अगं, पण अकरा माणसं, आणि त्यात..." मी म्हटलं, "कोपरा!" मास्तरणीने माझा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. मैत्री म्हणतात ती हीच.

२३ मार्च, मंगळवार

मास्तरणीचा दोनदा फोन. "तुला एक सांगू का?" म्हणते आणि भलतंच काहीतरी विचारते. मी म्हटलं, त्रासाबिसाचं बोलणार असशील तर फोन ठेव. तिने ठेवला.

मग वकीलबाईचा. "समजा, केवळ समजा हं, दोन-चार पदार्थ बाहेरून मागवले तर?" मला राग आला. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, "विश्वास आहे गं, पुरावाही आहे." वकिलांचं बोलणं कधी सरळ नसतंच.

शेवटी मीच ठरवलं, येत्या रविवारी दुपारी माझ्याकडे रंगीत तालीम. चार तारखेला जे करायचं तेच सगळं करायचं.

२८ मार्च, रविवार

लिहू की नको, असं झालंय. लिहितेच.

तालीम झाली. नेहमीसारख्या शांतपणे जेवल्या, नेहमीसारखी आत-बाहेर ये-जा केली. निघाल्या तेव्हा मला आल्याची खरेदी करायची होती, म्हणून पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर खाली उतरले. बोलत बोलत कोपऱ्यावर आलो. चावीवाल्याच्या बंद दुकानापाशी तिघींचे पाय सवयीनं आपोआप थांबले, आणि मग तिघींच्याही लक्षात आलं की मी सोबत आहे.

मला तर आनंदच झाला. कधीपासून कौतुक खिडकीतून बघतेय, आज कानांनी ऐकू! म्हटलं, "हं, छप्पर मागं राहिलं. बोला आता!"

 दातवाली दुकानाची पाटी वाचायला लागली. न्यायाधीशांपुढे न अडखळणारी वकीलबाई चष्मा पुसत राहिली. आणि वर्गातल्या पोरांवरही आवाज न चढवणारी मास्तरीण, तीच पुढे आली. माझं मनगट धरून म्हणाली, "अळणी असतं गं. सगळं. पहिल्या दिवसापासून."

"सगळं?"

"भात बरा असतो," दातवाली म्हणाली. "भातात तशी मिठाची अपेक्षा नसते."

"मग तुम्ही जेवता कशा?"

दातवालीने पर्स उघडून एक डबी काढली. दातांचे साचे ठेवायची, झाकणाची. आत मीठ. "ही विसरले की मग तुझी बरणी," ती म्हणाली. "पाणी आणायला जातो ना, तेव्हा."

"मग सांगायचं होतं मला! मूग गिळून काय बसलात?"

"सांगू दिलंस कधी?" वकीलबाई म्हणाली. "तोंड उघडलं की 'कोपरा'. आणि कोपऱ्यावर तू नसायचीस."

मास्तरणीने माझं मनगट सोडलं नव्हतं. म्हणाली, "बाकी तुझा हात फार चांगला आहे. मीठ घातलं की तुझा मासा 'जिन्याखाली'पेक्षा सरस लागतो, खोटं नाही सांगत. मी अजूनही बोलले नसते. जन्मभर डबी घेऊन आले असते तुझ्याकडे. पण रविवारी ती माणसं येतील. मी त्यांना पाणी आणायला एकेक करून आत कसं पाठवू?"

मी हात सोडवून घेतला आणि घरी निघून आले. आलं राहिलंच.

२९ मार्च, सोमवार

खानावळीतल्या त्या बाईचा चेहरा आज आरशात पाहिला.

संध्याकाळी नवरा शतपावलीला निघाला, तेव्हा दारात आडवी उभी राहिले. "कुठं जाता?"

"पुलाखाली," तो म्हणाला. "नूडलवाल्याकडे."

"रोज?"

"रविवारी बंद असतो तो."

"आणि बरणी?"

"ती सकाळी. माझ्या जेवणाच्या डब्यात मीठ घालायला."

"अहो, मग एका शब्दानं बोलायचं तरी!"

तो बूट घालता घालता थांबला. म्हणाला, "तू स्वयंपाक करताना गुणगुणतेस. इतक्या वर्षांत मी तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मिठासाठी ते कशाला घालवायचं?"

यावर काय भांडणार? मग मीही चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर पुलाखाली गेले. नूडल खारट होते. परत येताना लिफ्टमध्ये मला हसू आलं, मग त्यालाही आलं.

३१ मार्च, बुधवार

सासूबाईंचा फोन. काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, तरी मी सांगत होते. त्या म्हणाल्या, "तुझं मी वेगळं काढायची."

"काय वेगळं?"

"जेवण. मीठ घालायच्या आधी. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्या आठवड्यात म्हणाली होतीस, तुला आठवत नसेल, खारट लागतं. तुझ्या माहेरी वडिलांमुळे सगळं बिनमिठाचंच असायचं ना. मग रोज तुझ्यापुरतं आधी काढायचे आणि बाकीच्यात मीठ घालायचे."

चोवीस वर्षं! मी सासूबाईंच्या डब्यांच्या फळ्यांवर मनातल्या मनात किती दात खाल्ले, आणि त्या रोज दोन्ही वेळा माझी वाटी बाजूला काढत होत्या. म्हटलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? जेवत होतीस ना नीट?" मग जरा थांबून म्हणाल्या, "हे बघ, त्या पोरीच्या घरचं तूच कर. मागं हटू नकोस. फक्त मीठ दुसऱ्या कुणाला तरी घालू दे, आणि तुझं आधी काढून ठेव. नाहीतर उपाशी राहशील. खालचे डबे उघडलेस ना?"

"पहिल्याच दिवशी."

"वाटलंच होतं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.  फार लागलं मनाला, पण गोड लागलं.

१ एप्रिल, गुरुवार

भर दुपारी तिघी दुकानात, गिऱ्हाइकांच्या रांगेत. दातवालीचा नंबर आला. "डोकेदुखीवर काही आहे?"

"कुणाच्या?"

"आम्ही दिलेल्या."

मी म्हटलं, त्यावर गोळी निघालेली नाही. मागून वकीलबाई म्हणाली, "खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. आम्ही तर स्वतःचं मीठ आणून खाल्लं आणि तरीही तुलाच जागलो. याची नोंद व्हावी." रांगेतले आजोबा हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

मास्तरीण सगळ्यात मागं उभी होती. तिच्याकडे जाऊन मी म्हटलं, "रविवारी सकाळी येते. रांधणार मी, चाखणार तुम्ही. चमचे मात्र तीन वेगवेगळे, आणि एकदा तोंडात घातलेला परत भांड्यात नाही!" तिने भर दुकानात मला मिठी मारली. मग लेकीला फोन लावून म्हणाली, "येतेय गं ती, येतेय!"

४ एप्रिल, रविवार

पाय दुखताहेत, तरी आजचं आजच लिहायला हवं.

मास्तरणीच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास रोखायचा. आम्ही चौघी होतो. मी मोजून-मापून रांधलं. मीठ घालायच्या आधी प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं माझ्या डब्यात काढलं, सासूबाईंनी सांगितलं होतं तसं. मग बाजूला झाले आणि तिघींचं मंडळ चमचे घेऊन बसलं. वकीलबाई म्हणे अजून चिमूटभर, दातवाली म्हणे पुरे, मास्तरीण म्हणे तुम्ही भांडू नका. 'चिमूटभर' ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण तोंड मिटून ठेवलं.

अकरा जण आले. मुलाची आई बोलकी, हसरी. मुलाचे वडील उंच, काटकुळे, गप्प. वाढायला सुरुवात झाली आणि ऐकत राहावं असा आवाज सुरू झाला. कुणी मासा मागतंय, कुणी रस्सा, मुलाचा काका तर तिसऱ्यांदा. मास्तरणीचा चेहरा उजळला.

आणि मग तिचं लक्ष मुलाच्या वडिलांच्या ताटलीकडे गेलं. त्यांनी सगळं घेतलं होतं आणि काहीच खाल्लं नव्हतं. मासा डावीकडून उजवीकडे, भाजी उजवीकडून डावीकडे, नुसतं सरकवणं चाललेलं. मास्तरीण आत आली ती पांढरीफटक. "त्यांना आवडलं नाही. मुलाचे वडीलच जेवत नाहीयेत. संपलं गं सगळं."

मी दाराआडून बघत राहिले. त्यांनी टेबलाखाली हात नेला, पँटच्या खिशातली गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. ती गोळी मी रोज विकते. ती देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकच वाक्य ऐकवते, मीठ कमी करा, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

माझा डबा गरम केला. बाहेर जाऊन त्यांच्यापुढची ताटली न विचारता उचलली आणि दुसरी ठेवली. "ही तुमची."

त्यांनी एक घास घेतला. वर माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून जेवायला लागले. सूप संपवलं, मासा संपवला, रस्सा भातावर ओतून तोही संपवला. मुलाच्या आईचं बोलणं मधेच थांबलं. ती म्हणाली, "हे कुणाकडे जायचं असलं की घरून जेवून निघतात. बिनमिठाचं मागितलं तर रांधणारीला वाईट वाटेल म्हणून कधी सांगत नाहीत, मलाही सांगू देत नाहीत. आजही जेवून आलेत! आणि तरी बघा."

मुलाचे वडील तोंड पुसून म्हणाले, "अजून आहे?"

नव्हतं. डबा माझ्यापुरताच होता. मी तो उलटा करून दाखवला तेव्हा सगळे हसले. मग मुलाचे वडील मास्तरणीकडे वळले. "तुमच्याकडून दोघीच आहात, असं तुम्ही म्हणाला होतात."

"हो," मास्तरीण म्हणाली. "मी आणि ही."

"मग या तिघी कोण?"

मास्तरणीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. लेकच म्हणाली, "घरच्या."

मी आत गेले. दातवाली आधीच तोंड फिरवून भांडी घासत होती, तीही घासलेलीच. वकीलबाई चष्मा पुसत होती. मी दोघींच्या मधे उभी राहून मनसोक्त रडले. बाहेर तारीख ठरत होती. मास्तरणीचा आवाज ऐकू येत होता, मोठा, स्पष्ट, वर्गात असतो तसा.

सगळे गेल्यावर आम्ही चौघी आणि लेक, पाच जणी खाली जमिनीवर जेवायला बसलो. माझ्या वाट्याचं संपलं होतं, म्हणून त्यांच्या भांड्यातलं घेतलं. खारट होतं. मी दोनदा वाढून घेतलं.